नव्या लॅपटॉपवर विंडोज ९८ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच अडचणीची आहेत. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर केलेले काम सीडीवर शाबूत आहे, ते ज्या सॉफ्टवेअरमध्ये केले त्याची सीडीही हाताशी आहे, परंतु आजचा संगणक त्या सॉफ्टवेअरला दारातच अडवतो. उपाय म्हणून अनेकांनी आपल्या नव्या संगणकात विंडोज ९८ बसवण्याचा प्रयत्न केला आणि तो अर्ध्यावर सोडला. त्यामुळे या वेळी इतर प्रश्न बाजूला ठेवून हा एकच विषय घेतला आहे.

प्रश्न : आमचा अक्षरजुळणीचा छोटा व्यवसाय होता. १९९९ ते २००३ या काळात केलेल्या स्मरणिका, एका दिवाळी अंकाची पाने आणि काही कवितासंग्रह पाने मांडण्याच्या पेजमेकर ६.५ या सॉफ्टवेअरच्या फायलींच्या रूपात माझ्याकडे आहेत. विंडोज ९८ ची (पहिल्या आवृत्तीची) मूळ सीडी, तिच्या आवरणावरचा क्रमांक आणि पेजमेकरची सीडीही आहे. विंडोज ११ असलेल्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक उभा करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) मी विंडोज ९८ बसवू लागलो. संगणक चांगला असल्याने ४ जीबी मेमरी आणि १०० जीबीची हार्ड डिस्क दिली. डिस्कचे आकारमान भलतेच दाखवले गेले, आणि पहिल्या रीस्टार्टनंतर ‘विंडोज प्रोटेक्शन एरर’ असा संदेश येऊन सगळे थांबले. मेमरी कमी करून पाहिली तरी प्रोग्रॅम मध्येच बंद पडतात. कुठे चुकते आहे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपली सीडी चांगली आहे आणि लॅपटॉपही चांगला आहे, अडचण त्या दोघांच्या वयातील अंतराची आहे. जून १९९८ मध्ये बाजारात आलेल्या या विंडोजची किमान गरज ६६ मेगाहर्ट्झचा ४८६ प्रोसेसर आणि १६ एमबी मेमरी एवढीच होती. आपण तिला त्याच्या २५६ पट मेमरी दिलीत. ती लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असे यंत्र नव्हतेच. मेमरी ५१२ एमबीच्या पुढे गेली की तिची फाइल-कॅश सांभाळणारी व्यवस्था स्वतःसाठी इतकी जागा राखून ठेवते की इतर कामांना पत्तेच उरत नाहीत, आणि १ जीबीच्या पुढे बहुधा विंडोज सुरूच होत नाही. डिस्कचे भलते आकारमान दिसले त्याचे कारणही याच जातीचे आहे. त्या सीडीतील एफडिस्क हा डिस्कचे विभाग पाडणारा प्रोग्रॅम ६४ जीबीपर्यंतच नीट मोजू शकतो, आणि त्यापुढच्या डिस्कचे आकारमान तो चुकीचे दाखवतो.

‘प्रोटेक्शन एरर’चे मूळ मात्र प्रोसेसरच्या वेगात आहे. विंडोज ९५ मध्ये आणि विंडोज ९८ च्या पहिल्या आवृत्तीत काही भाग असे आहेत की जे सुरुवातीला एक ठराविक फेरी अनेकदा फिरवून तिला किती वेळ लागला ते मोजतात आणि त्या वेळाने भागाकार करून यंत्राच्या वेगाचा अंदाज बांधतात. प्रोसेसर फार वेगवान असला की मोजलेला वेळ नगण्य येतो, भागाकाराचे उत्तर ठरलेल्या जागेत मावत नाही आणि प्रणाली तिथेच कोसळते. नेटवर्क सांभाळणाऱ्या भागात ही मर्यादा साधारण २.१ गिगाहर्ट्झची आहे, आणि आजचा साधा लॅपटॉपही ती सहज ओलांडतो.

प्रोग्रॅम मध्येच बंद पडण्यामागे आणखी एक, अधिक सूक्ष्म कारण असण्याची शक्यता मोठी आहे. मेमरीतील पत्त्यांची एक छोटी नोंदवही प्रोसेसर स्वतःजवळ ठेवतो. पत्ते बदलले की ती नोंद पुसून टाका असे प्रणालीने सांगायचे असते, आणि विंडोज ९५, ९८ व एमई (मिलेनियम एडिशन) या तिन्ही प्रणाली काही ठिकाणी ते सांगतच नाहीत. जुन्या प्रोसेसरांवर हा हलगर्जीपणा खपून गेला. अलीकडच्या अनेक प्रोसेसरांवर तो खपत नाही, आणि मग ‘या प्रोग्रॅमने बेकायदेशीर कृती केली आहे’ असे संदेश काहीही कारण नसताना येऊ लागतात.

येथे व्हर्च्युअलबॉक्स आणि खरा एम्युलेटर यांतील फरक लक्षात घ्यावा लागतो, कारण पत्रे पाठवणाऱ्या बहुतेकांनी दोन्ही एकच मानले आहेत. व्हर्च्युअलबॉक्स नवा प्रोसेसर लपवत नाही. पाहुण्या प्रणालीच्या, म्हणजे आत बसवलेल्या विंडोजच्या, सूचना तो आपल्या लॅपटॉपच्या खऱ्या प्रोसेसरवरच चालवतो, म्हणून तो वेगवान आहे, आणि म्हणूनच वर सांगितलेले सर्व दोष त्यात उघडे पडतात. एम्युलेटर प्रोसेसरसकट संपूर्ण जुन्या यंत्राची सॉफ्टवेअरमध्ये नक्कल करतो. चिपसेट (बोर्डावरील भागांना जोडणाऱ्या चिपा), बायॉस (यंत्र सुरू होताच चालणारा मूळ प्रोग्रॅम), ग्राफिक्स कार्ड, साउंड कार्ड आणि त्यांचा मूळ वेगसुद्धा. यात आपल्या लॅपटॉपची बरीच शक्ती खर्ची पडते, परंतु विंडोज ९८ ला आपण १९९७ सालच्या संगणकात आहोत असेच वाटते. विंडोज एक्सपी किंवा त्यानंतरची प्रणाली हवी असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच घ्यावा. ९५ आणि ९८ साठी एम्युलेटर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे एक्सपीची अधिकृत प्रत असती तर मी आपल्याला आधी तीच वापरून पाहायला सांगितले असते, कारण पेजमेकर ६.५ एक्सपीवरही बहुधा चालतो. परंतु आपल्याजवळ आहे ती सीडी ९८ ची, आणि त्या काळची मराठी टंकलेखनाची सॉफ्टवेअरेही तिच्याशीच अधिक जुळवून घेतात.

या कामासाठी मी ८६बॉक्स हा एम्युलेटर सुचवेन. तो विनामूल्य आहे, पीसीईएम या आधीच्या एम्युलेटरमधून निघाला आहे आणि विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर चालतो. डॉसबॉक्स मात्र डॉसच्या खेळांसाठी लिहिलेला असून त्याचे कर्ते विंडोज ९८ ची जबाबदारी घेत नाहीत. त्याची डॉसबॉक्स-एक्स ही शाखा घेते, आणि तीही वाईट नाही.

आता यंत्र निवडण्याविषयी. इंटेलच्या ४३०व्हीएक्स किंवा ४३०टीएक्स चिपसेटचा सॉकेट ७ बोर्ड घ्यावा, प्रोसेसर पेंटियम एमएमएक्स, १६६ किंवा २०० मेगाहर्ट्झचा. मेमरी ६४ एमबी. (त्या खऱ्या बोर्डांवर ६४ एमबीच्या पुढची मेमरी कॅशच होत नसे, त्यामुळे जाणकार त्यावर जास्त मेमरी लावण्याच्या फंदात पडत नसत.) ग्राफिक्ससाठी एस३ चे ट्रायो६४ किंवा व्हर्ज कार्ड निवडावे, कारण त्यांचे ड्रायव्हर विंडोज ९८ च्या सीडीतच असतात, आवाज हवाच असेल तर साउंड ब्लास्टर १६. हार्ड डिस्क ४ जीबीची पुरेशी आहे. त्या काळच्या अनेक बायॉसना ८.४ जीबीपुढची डिस्क पूर्ण दिसत नसे आणि एम्युलेटरमध्ये बायॉस मूळचेच असल्याने ती मर्यादाही जशीच्या तशी येते. डिस्कची फाइल व्हीएचडी स्वरूपात तयार करावी. तिचा उपयोग पुढे एका उत्तरात सांगितला आहे. नेटवर्क कार्ड लावूच नये.

एम्युलेटरच्या खिडकीवर वेगाची टक्केवारी दिसते. ती १०० वर स्थिर असली पाहिजे. ती खाली घसरत असेल तर आपल्या लॅपटॉपला तो जुना प्रोसेसर पेलवत नाही असा अर्थ घ्यावा, आणि अधिक वेगवान प्रोसेसर न निवडता एक पायरी खालचा निवडावा. पेंटियम टू निवडण्याचा मोह अनेकांना होतो. पेजमेकरला त्याची गरज नाही.

प्रत्यक्ष बसवताना पहिल्यांदा सुरू केल्यावर डिलीट कळ दाबून बायॉसमध्ये जावे, हार्ड डिस्क आपोआप ओळखण्याचा पर्याय वापरून ती नोंदवावी आणि बदल साठवून बाहेर पडावे. विंडोज ९८ च्या काही सीडी स्वतः बूट होतात, काही होत नाहीत आणि काही बायॉसना सीडीवरून बूट करणेच ठाऊक नसते. म्हणून विंडोज ९८ च्या बूट फ्लॉपीची प्रतिमा (फाइलच्या रूपातली हुबेहूब नक्कल) जवळ असलेली बरी. तिच्यावरून सुरू करताना सीडी ड्राइव्हसह सुरू करण्याचा पर्याय निवडावा. मग एफडिस्क चालवावे, मोठ्या डिस्कचा आधार हवा का या प्रश्नाला होकार द्यावा, म्हणजे विभाग फॅट३२ या फाइल-व्यवस्थेचा होतो. नकार दिलात तर फॅट१६ मिळेल आणि त्याचा एक विभाग २ जीबीच्या पुढे जात नाही. विभाग पाडल्यावर यंत्र पुन्हा सुरू करून ‘सी’ ड्राइव्ह फॉरमॅट करावा.

येथे अनेकजण सीडी सापडत नाही म्हणून अडतात. ही बूट फ्लॉपी मेमरीमध्ये एक छोटा तात्पुरता ड्राइव्ह तयार करून आपली साधने त्यात ठेवते, आणि त्यामुळे सीडीचे अक्षर एक घर पुढे सरकते. विभाग पाडून झाल्यावर ‘डी’ हा तो तात्पुरता ड्राइव्ह असतो आणि सीडी ‘ई’वर असते.

सेटअप सीडीवरून थेट चालवू नये. सीडीतील ‘विन९८’ नावाचा संपूर्ण फोल्डर आधी ‘सी’ ड्राइव्हवर उतरवून घ्यावा आणि तेथूनच सेटअप चालवावा. त्याने जागा फार अडत नाही, आणि पुढे प्रत्येक ड्रायव्हरच्या वेळी ‘विंडोज ९८ ची सीडी घाला’ हा जो ससेमिरा लागतो तो कायमचा टळतो, कारण विंडोज आपण कोठून बसवले गेलो हे लक्षात ठेवते. हा त्या काळच्या दुरुस्तीवाल्यांचा नेहमीचा शिरस्ता होता आणि तो आजही तितकाच कामाचा आहे.

व्हर्च्युअलबॉक्सच वापरायचा आग्रह असेल तर पॅचर९एक्स नावाचे एक मुक्त साधन उपलब्ध आहे. ते विंडोजच्या फायलींमध्ये वेगाचा आणि पत्त्यांच्या नोंदवहीचा असे दोन्ही दोष दुरुस्त करते. मात्र व्हर्च्युअलबॉक्सने विंडोज ९८ साठी स्वतःचे पूरक ड्रायव्हर कधीच दिलेले नाहीत, त्यामुळे वेगळा ग्राफिक्स ड्रायव्हर शोधून घालेपर्यंत आपल्याला १६ रंगांच्या पडद्यावर पेजमेकर पाहावा लागेल. शिवाय विंडोज ११ मधील हायपर-व्ही ही आभासी यंत्रे चालवण्याची सोय चालू असेल तर व्हर्च्युअलबॉक्स संथ होतो आणि खिडकीच्या कोपऱ्यात हिरवे कासव दाखवतो. एम्युलेटरला या कशाचीच बाधा होत नाही, कारण तो प्रोसेसरच्या आभासी यंत्रांसाठीच्या सोयी वापरतच नाही.

प्रश्न : वरील सर्व करण्यापेक्षा जुना पेजमेकर विंडोज ११ वरच ‘सुसंगत’ पद्धतीने चालवता येणार नाही का? किंवा पेजमेकरची जागा घेतलेल्या इनडिझाइनमध्ये फाइल उघडता येणार नाही का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सुसंगततेचा पर्याय काही ३२-बिट प्रोग्रॅमना तारून नेतो. परंतु त्या काळातील अनेक सॉफ्टवेअरांचा मुख्य प्रोग्रॅम ३२-बिट असला तरी त्याला बसवणारा सेटअप १६-बिट असतो, आणि ६४-बिट विंडोजमध्ये १६-बिट प्रोग्रॅम चालवणारा भागच नाही. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती निघालेली नाही, त्यामुळे तेथे तडजोडीला जागा नाही.

इनडिझाइनचा मार्ग खरा आहे, पण अर्धाच. इनडिझाइन सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ६ ते ७ च्या फायली उघडत असत. त्यानंतरच्या क्रिएटिव्ह क्लाउड आवृत्त्यांनी ती सोय काढून टाकली. आपल्याजवळ किंवा परिचयातील एखाद्या मुद्रणालयात सीएस६ असेल तर तो प्रथम वापरून पाहावा. मजकूर आणि चित्रे येतात, परंतु ओळींची मोडणी अनेकदा बदलते. लेखांचा मजकूर हवा असेल तर त्याने बिघडत नाही. छापलेले पान जसे होते तसेच हवे असेल तर मूळ पेजमेकरला पर्याय नाही.

प्रश्न : विंडोज ९८ बसले, पेजमेकरही बसला. फाइल उघडल्यावर मात्र मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. फाइल खराब झाली आहे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : फाइल बहुधा ठणठणीत आहे; फक्त फॉन्ट नाही. विंडोज ९८ ला देवनागरी लिपी मुळात कळतच नाही. देवनागरीची व्यवस्था प्रणालीतच आणि ‘मंगल’ हा फॉन्ट सोबत, असे विंडोज २००० पासून झाले. त्यापूर्वीची श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकची आयएसएम, आयलीप ही सॉफ्टवेअरे रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले फॉन्ट वापरत असत. फाइलमध्ये साठवलेले असते ते त्या जागांचे क्रमांक. कोणत्या क्रमांकावर ‘क’, कोणत्यावर अर्धा ‘श’ आणि कोणत्यावर रफार, हे प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने ठरवले होते. त्यामुळे नेमका तोच फॉन्ट नसेल तर त्या क्रमांकांना मराठी अर्थ उरत नाही, आणि ‘तसाच दिसणारा दुसरा मराठी फॉन्ट’ लावून काहीही साधत नाही.

फाइल उघडताना पेजमेकर न सापडलेल्या फॉन्टची नावे एका चौकटीत दाखवतो आणि त्यांच्याऐवजी काय वापरू असे विचारतो. ती नावे कागदावर उतरवून घ्यावीत, फाइल बंद करावी आणि कोणत्याही परिस्थितीत ती त्या अवस्थेत साठवू नये. जुन्या सीडीत किंवा जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कवरील विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये त्या नावांच्या फायली शोधाव्यात आणि कंट्रोल पॅनेलमधून बसवाव्यात. फायलीचे नाव आणि फॉन्टचे नाव पुष्कळदा जुळत नाही. फाइलवर दोनदा क्लिक केल्यास फॉन्टचे खरे नाव दिसते.

आणखी एक गोष्ट, जी या प्रश्नात विचारलेली नाही पण पुढच्याच पायरीवर आडवी येईल. नव्या संगणकावर फायलींना आपण देवनागरी नावे दिली असतील तर विंडोज ९८ मध्ये त्या नावांचा चुराडा होतो आणि फाइल उघडतही नाही. आत पाठवण्यापूर्वी सर्व नावे रोमन लिपीत, लहान आणि मोकळी जागा न सोडता करून घ्यावीत.

प्रश्न : आमच्या मराठी सॉफ्टवेअरला संगणकाच्या मागे लावायचे एक कुलूप होते, ज्याला आम्ही डाँगल म्हणत असू. ते आजही जवळ आहे. एम्युलेटरमध्ये ते कसे जोडावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ते कुलूप प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लागणारे असेल तर जोडणे जवळपास अशक्य समजावे. आजच्या लॅपटॉपना तो पोर्ट नसतो, आणि बाजारात मिळणारी यूएसबी ते पॅरलल केबल प्रिंटरपुरतीच उपयोगी असते. कुलूप ज्या विद्युतसंकेतांची अपेक्षा करते ते ती पुरवत नाही. एम्युलेटरमधील पॅरलल पोर्ट तर नकली आहे, त्याला खरे उपकरण ओळखीचेच नसते. कुलूप तोडून देणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर सापडतात, परंतु ते कायद्याच्या दृष्टीने आणि विषाणूंच्या दृष्टीनेही टाळावेत.

मात्र आपल्याला त्या सॉफ्टवेअरची खरोखर गरज आहे का, हे आधी तपासावे. कुलूप सामान्यतः टंकलेखनाच्या प्रोग्रॅमला असे. आधीच टाइप केलेले पान उघडण्यासाठी आणि छापण्यासाठी बहुतेक वेळा फक्त फॉन्टच्या फायली पुरतात. नवे काही टाइप करायचे असेल तर ते आजच्या संगणकावर युनिकोडमध्येच (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) करावे. विक्रेती कंपनी अजून व्यवसायात असेल तर जुन्या परवान्याचा पुरावा दाखवून तिच्याकडे नव्या आवृत्तीची मागणी करणेही योग्य ठरेल.

प्रश्न : एम्युलेटरमधल्या विंडोजमध्ये फायली न्यायच्या कशा आणि तयार झालेली पाने बाहेर आणायची कशी? पेन ड्राइव्ह लावला तर दिसत नाही.
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : आत नेण्याचा सर्वांत बिनचूक मार्ग सीडीचाच आहे, फक्त ती सीडी खरी नसून फाइलच्या रूपातच ठेवायची. नव्या संगणकावर हव्या त्या फायलींची एक आयएसओ प्रतिमा (संपूर्ण सीडी सामावलेली एकच फाइल) तयार करावी आणि एम्युलेटरच्या सीडी ड्राइव्हमध्ये ती घातल्याचे सांगावे. प्रतिमा तयार करताना जोलिएट पर्याय चालू ठेवावा, नाहीतर आठ अक्षरांपलीकडची नावे छाटली जातात. सीडीवरून उतरवलेल्या फायली केवळ-वाचनाच्या खुणेसह येतात. पेजमेकर त्यावर कुरकुर करतो, म्हणून फाइलच्या गुणधर्मांत जाऊन ती खूण काढावी.

याच्याही आधी करायचे काम म्हणजे आपल्या जुन्या सीडींच्या प्रतिमा आताच काढून ठेवणे. घरी जाळलेल्या सीडीवरील रंगद्रव्याचा थर कालांतराने खराब होतो, आणि एकदा ती वाचली जाईनाशी झाली की एम्युलेटर कितीही उत्तम असला तरी निरुपयोगी ठरतो. त्या प्रतिमा नव्या संगणकावरील विषाणूविरोधी प्रोग्रॅमने तपासून मगच आत न्याव्यात. अक्षरजुळणीच्या दुकानांतून फ्लॉपी आणि सीडी हातोहात फिरत असत, आणि त्यांच्याबरोबर विषाणूही. त्यांपैकी सीआयएच हा १९९८ चा विषाणू विंडोज ९५ व ९८ च्या प्रोग्रॅममध्ये लपून राही आणि २६ एप्रिल या तारखेला हार्ड डिस्कवरील माहिती नष्ट करी. काही संगणकांचे बायॉसही त्याने पुसले. आपल्या खऱ्या लॅपटॉपला तो आज काही करू शकत नाही, पण एम्युलेटरमधील विंडोज ९८ साठी तो अजून जिवंत आहे.

बाहेर आणण्यासाठी वर सांगितलेली व्हीएचडी फाइल उपयोगी पडते. एम्युलेटरमधील विंडोज रीतसर बंद करावे, एम्युलेटरही बंद करावा, आणि मग विंडोज १० किंवा ११ मध्ये त्या फाइलवर दोनदा क्लिक करावे. ती एखाद्या ड्राइव्हसारखी उघडते आणि तिच्यातून फायली सरळ उचलून घेता येतात. काम झाल्यावर ती बाहेर काढण्यास विसरू नये. एम्युलेटर चालू असताना तीच डिस्क दोन्हीकडून उघडली तर तिच्यावरील नोंदी विस्कटतात.

आता पानांविषयी. पेजमेकरला एक तरी प्रिंटर बसवलेला लागतो, तो नसेल तर तो पान मांडायलाही नाखूश असतो. विंडोज ९८ च्या यादीतून ॲपल लेझररायटरसारखा एखादा पोस्टस्क्रिप्ट (पानाचे वर्णन करणारी छपाईची भाषा) समजणारा प्रिंटर निवडावा आणि पोर्ट म्हणून ‘फाइल’ हा पर्याय द्यावा. प्रिंटर अर्थातच नसतो, पण पेजमेकरचे समाधान होते. छपाईच्या चौकटीत पोस्टस्क्रिप्ट फाइलमध्ये लिहिण्याचा आणि फॉन्ट सोबत पाठवण्याचा असे दोन पर्याय आहेत. दुसरा विसरला तर पुन्हा तोच रोमन गोंधळ दिसेल. तयार झालेली फाइल बाहेर आणून नव्या संगणकावर घोस्टस्क्रिप्ट या विनामूल्य साधनाने तिची पीडीएफ करावी. फॉन्ट आत गुंफले गेल्याने ते पान यापुढे कोणत्याही संगणकावर मूळ स्वरूपात दिसेल.

ते दिसेल, परंतु त्यात मराठी शब्द शोधता येणार नाही, कारण आतले क्रमांक जुनेच आहेत. शोधता येणारा मजकूर हवा असेल तर पेजमेकरमधून तो साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढून त्या-त्या फॉन्टसाठी लिहिलेल्या रूपांतरकातून युनिकोडमध्ये न्यावा लागतो. रूपांतरकाला केवळ अक्षराऐवजी अक्षर ठेवून भागत नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टाइप केलेला असतो, तर युनिकोडमध्ये नेमका उलटा क्रम लागतो. त्यामुळे रूपांतरानंतर ‘निर्मिती’, ‘कार्तिक’, ‘वर्षी’ अशा शब्दांकडे डोळ्यात तेल घालून पाहावे. मुद्रितशोधन एकदा तरी करावेच लागते.

प्रश्न : माझ्याकडे मूळ सीडी नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज ९८ कधीच सोडून दिले आहे, तेव्हा इंटरनेटवरून ते उतरवून घेण्यास हरकत नसावी ना?
— एक विद्यार्थी वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : हरकत आहे. मायक्रोसॉफ्टने या प्रणालीचा आधार ११ जुलै २००६ रोजी थांबवला, म्हणजे दुरुस्त्या देणे बंद केले. मालकी हक्क सोडलेला नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला नुकसानीपासून बचावासाठी तिची राखीव प्रत करण्याची मुभा देते, म्हणून नाशिकच्या वाचकांनी आपल्या सीडीची प्रतिमा काढण्यात काही गैर नाही. ती मुभा अनोळखी ठिकाणाहून प्रत उतरवणाऱ्याला मिळत नाही. एम्युलेटरला लागणाऱ्या जुन्या बायॉसच्या फायलींवरही त्या-त्या कंपन्यांचे हक्क आहेत, आणि म्हणूनच त्या एम्युलेटरच्या प्रोग्रॅमपासून वेगळ्या ठेवलेल्या असतात, हेही येथे लपवून ठेवत नाही.

विंडोज ९८ मध्ये एक्सपीसारखे ऑनलाइन सक्रियीकरण नाही. २५ अक्षरांचा क्रमांक पुरतो. त्यामुळे जुन्या संगणकाबरोबर आलेली सीडी आणि तिचे प्रमाणपत्र घरात, नातेवाइकांकडे किंवा महाविद्यालयाच्या भांडारात सापडते का, ते पाहावे. आपल्याला केवळ जुन्या काळातील संगणक कसा चालत असे हे शिकायचे असेल तर फ्रीडॉस हा पूर्णपणे मुक्त पर्याय आहे. विभाग पाडणे, फॉरमॅट करणे, कॉन्फिग आणि ऑटोएक्झेक फायली लिहिणे हे सर्व त्यावर करता येते.

प्रश्न : माझ्याकडे ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरचा मॅक आहे. त्यावर विंडोज ९८ चालेल का? तसेच आमच्या काही जुन्या फायली मॅकवरच्या पेजमेकरमध्ये केलेल्या आहेत.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : चालेल, आणि निवडीचा प्रश्न आपल्यापुरता सुटलेला आहे. नोव्हेंबर २०२० पासून आलेल्या या मॅकमधील प्रोसेसर इंटेलच्या सूचना समजत नाही, त्यामुळे विंडोज ९८ साठी तेथे पूर्ण नक्कल करणे हाच मार्ग उरतो. ८६बॉक्सची मॅक आवृत्ती घ्यावी. यूटीएम हे क्यूएमू या एम्युलेटरवर आधारलेले साधन दिसायला अधिक सुबक आहे, पण ते त्या काळचे ठराविक बोर्ड आणि त्यांचे वेग इतक्या बारकाईने उभे करत नाही.

मॅकवर केलेल्या फायली मात्र विंडोज ९८ कडे नेण्याचा खटाटोप करू नये, कारण मॅक आणि विंडोज यांसाठी त्याच कंपनीच्या मराठी फॉन्टमध्येही अक्षरांच्या जागा वेगळ्या असू शकतात. त्यासाठी शीपशेव्हर हा एम्युलेटर असून तो पॉवरपीसी मॅकची नक्कल करून मॅक ओएस ९.०.४ पर्यंतची प्रणाली चालवतो. त्याहून जुन्या, ६८००० मालिकेच्या प्रोसेसरवरच्या कामासाठी बॅसिलिस्क टू आहे. जुन्या मॅकचे फॉन्ट साध्या पेन ड्राइव्हवर किंवा विंडोजच्या डिस्कवर नक्कल केले की त्यांचा महत्त्वाचा भाग गळून जातो आणि शून्य आकाराची फाइल हाती येते. ते मॅकच्याच डिस्क-प्रतिमेतून किंवा स्टफिट या फायलींचे गाठोडे बांधणाऱ्या मॅकच्या प्रोग्रॅममध्ये बांधून हलवावेत.

प्रश्न : एम्युलेटरमधील विंडोज ९८ वरून इंटरनेट पाहता येईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पाहता येण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. आजची संकेतस्थळे ज्या कूटलेखन पद्धती वापरतात त्या तेव्हाच्या ब्राउझरना माहीत नाहीत, त्यामुळे बहुतेक पाने उघडतच नाहीत. दुरुस्त्या बंद होऊन इतकी वर्षे झालेली प्रणाली जाळ्यावर उघडी ठेवण्यातही शहाणपणा नाही. नेटवर्क कार्ड न लावण्याचा सल्ला वर दिला आहे तो त्यासाठीच.

प्रश्न : सर्व काही एकदा जमले. ते पुन्हा बिघडू नये म्हणून काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : विंडोज, फॉन्ट आणि पेजमेकर बसवून झाल्यावर, एकही जुनी फाइल उघडण्यापूर्वी, प्रणाली बंद करून व्हीएचडी फाइलची आणि एम्युलेटरच्या त्या यंत्राच्या संपूर्ण फोल्डरची एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. विंडोज ९८ बिघडले की ते दुरुस्त करत बसू नये; बिघडलेली डिस्क पुसून प्रत परत आणावी. त्या प्रतीबरोबर एम्युलेटरचा तो प्रोग्रॅम आणि त्याच्या बायॉसच्या फायलीही ठेवाव्यात, कारण एम्युलेटरच्या नव्या आवृत्तीत यंत्रांची नावे आणि जुळवणी बदलू शकते. आपली पाने मात्र त्या डिस्कवर साठवत जाऊ नयेत. ती रोजच्या रोज बाहेर काढून नव्या संगणकावर ठेवावीत.